वंशावळ करणाऱ्याची सही कुठे असते?

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत वंशावळ शोधणाऱ्या कुटुंबांवरचा लेख वाचला. लोकांचा उत्साह पाहून बरं वाटलं. पण एक प्रश्न लेखात कुठेच आला नाही. तयार झालेली वंशावळ बरोबर आहे हे ठरवायचं कुणी, आणि कशावरून?

मी महसूल खात्याच्या अभिलेख कक्षात नोकरी केली. आमच्या भाषेत रेकॉर्ड रूम. निवृत्तीनंतर मोडी कागद वाचून देणं आणि घराण्याची वंशावळ लावून देणं हे काम करते. पैसे घेऊन करते, हेही सांगून टाकते. या कामाला एकदा समाजसेवा म्हटलं की त्याच्या दर्जाबद्दल बोलायची सोय राहत नाही.

सप्टेंबर 2023 मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला. तेव्हापासून आमच्या कामाला एकदम भाव आला. आरक्षणाच्या वादात मला शिरायचं नाही, या पत्राचा तो विषयही नाही. मात्र मागणी वाढली तशी 'वंशावळ तयार करून मिळेल' या पाट्याही वाढल्या. झेरॉक्सच्या दुकानात, सेतू केंद्राच्या बाहेर, मोबाइलवर. त्यातले काहीजण खरोखर जाणकार आहेत. बाकीच्यांनी मोडीचा एखादा वर्ग केलेला असतो, तर काहींनी तोही नाही.

या धंद्यातली एक गंमत बाहेरच्यांच्या लक्षात येत नाही. वंशावळीच्या शपथपत्रावर सही असते अर्जदाराची. जातीच्या दाखल्यांच्या 2000 सालच्या कायद्यानुसार दावा सिद्ध करायचा भारही त्याच्यावरच. इतर मागासवर्गासाठी 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा पुरावा, विमुक्त-भटक्यांसाठी 21 नोव्हेंबर 1961 पूर्वीचा, अनुसूचित जातींसाठी 10 ऑगस्ट 1950 पूर्वीचा. त्या तारखेच्या अलीकडचा अर्जदार आणि पलीकडची नोंद यांना जोडणारा दुवा म्हणजे वंशावळ. पडताळणीत दक्षता पथकाने तो दुवा ओढून पाहिला आणि तुटला, तर पोराचा प्रवेश जातो, नोकरीवर गदा येते. ज्याने वंशावळ 'करून दिली' त्याची मात्र कागदावर सही नाही, नाव नाही, तारीखही नाही. पैसे घेऊन तो मोकळा.

एक उदाहरण देते, नावं बदलली आहेत. एक कुटुंब माझ्याकडे तयार वंशावळ घेऊन आलं. वडाचं झाड, फांदीफांदीवर नावं, सोनेरी किनार, वरून लॅमिनेशन. त्यांना फक्त वरच्या दोन पिढ्यांचे मोडी कागद वाचून हवे होते. पणजोबा गणपत बाळाजी. त्यांच्या नावाला आधार म्हणून शाळेच्या जनरल रजिस्टरची नक्कल जोडलेली: जन्म 1884, शाळेत दाखल 1891. नोंद अस्सल होती. पान जागेवर, अनुक्रम बरोबर, गाव तेच, आडनाव तेच. कुटुंबाला हवा असलेला जातीचा उल्लेखही त्याच ओळीत. आधीच्या माणसाने इथे काम संपवलं होतं.

मला जमिनीकडून वर चढायची सवय आहे. आजच्या सातबाऱ्यावरचा फेरफार क्रमांक धरायचा, तो काढला की त्यात मागच्या नोंदीचा धागा मिळतो, मग तो. पन्नासच्या दशकाच्या मागे गेलं की सातबाऱ्याच्या जागी क-ड-ई पत्रक, म्हणजे जमिनीचा त्याआधीचा उतारा, लागतं. असं करत 1919 च्या फेरफारापर्यंत पोहोचले. नोंद अशी: बाळाजी मयत, वारस मुलगा गणपत, अज्ञान, पालनकर्ती आई. अज्ञान म्हणजे कायद्याने सज्ञान नसलेला. आता शाळेतल्या जन्मतारखा अंदाजे टाकलेल्या असतात हे मलाही ठाऊक आहे. पण 1891 साली शाळेत बसलेला पोरगा 1919 साली अज्ञान कसा असेल? कोतवाल बुक, म्हणजे गावची जन्म-मृत्यूची नोंदवही, काढलं. या बाळाजीचा मृत्यू ऑक्टोबर 1918, कारण ताप. इन्फ्लुएंझाच्या साथीचे ते दिवस, पानंच्या पानं तापाने गेलेल्या माणसांची. पन्नाशीच्या आतला गडी गेला, मागे लहान पोर राहिलं, हे त्या वर्षाशी जुळणारंच होतं.

म्हणजे गावात गणपत बाळाजी दोन होते. त्यात आश्चर्य काही नाही. नातवाला आजोबांचं नाव ठेवायची रीत, आणि गावात फिरून फिरून तीच दहा-बारा नावं. शाळेतल्या गणपतची जमीन वेगळ्या सर्व्हे नंबरात निघाली आणि तिचे वारसही वेगळे. आजही ते घर गावात आहे. माझ्याकडे आलेलं कुटुंब अज्ञान गणपतचं. दोन्ही घरं वर कुठेतरी एकत्र येतही असतील. पण 'येत असतील'वर शपथपत्र करता येत नाही.

मी हे लिहून दिलं तेव्हा घरातले कर्ते गृहस्थ म्हणाले, "बाई, तुम्हाला वाचायला सांगितलं होतं, तपासायला नाही." ते माझा अहवाल न नेता गेले. मला त्यांचा राग नाही. वंशावळ म्हणजे विकत घ्यायची वस्तू, हे त्यांना आधी कुणीतरी शिकवलेलं होतं.

यात मोडी वाचण्याचा संबंध जवळजवळ नव्हता, हे वाचकांनी ध्यानात घ्यावं. 1919 चा फेरफार बाळबोधीत, म्हणजे देवनागरीतच होता. चूक झाली ती एकाच नोंदीवर थांबल्यामुळे. आपल्याला हवं ते मिळालं की शोध संपवायचा, ही या कामातली सगळ्यात महागडी सवय. आपल्याकडे मोडीचे वर्ग पुराभिलेख खात्यापासून इतिहास मंडळांपर्यंत अनेक जण घेतात, आणि ते हवेतच. पण तिथे शिकवतात अक्षर. वाचलेली नोंद याच माणसाची कशावरून, हे शिकवणारा वर्ग मी तरी पाहिलेला नाही.

मोडी वाचणं सोपं आहे असं मात्र कुणी समजू नये. शब्दांत जागा सोडलेली नसते, ह्रस्व-दीर्घाचा भेद नसतो, मजकूर, मौजे यांसारखे शब्द आखूड केलेले असतात, आणि लिहिणारा कारकून कंटाळलेला असेल तर देवच वाली. अशा वेळी न लागलेलं अक्षर न लागलेलं म्हणून दाखवणं ही पहिली शिस्त. माझ्याकडे येणाऱ्या लिप्यंतरांत ते क्वचित दिसतं. शंभर टक्के वाचलेला मोडी कागद पाहिला की मला आधी संशय येतो. मूळ कागदाचा फोटो, त्याखाली ओळीला ओळ लावून केलेलं लिप्यंतर, शंकेच्या जागी कंस आणि प्रश्नचिन्ह, आणि आपला अर्थ त्यापासून वेगळा. एवढं केलं तर दुसरा माणूस चूक पकडू शकतो. आणि त्याला ती पकडता यावी, अशीच मांडणी हवी.

तारखांचंही तसंच. जुन्या कागदात नुसतं 'सन' लिहिलेलं असतं. ते फसली (महसुली सन) की सुहूर (मराठेशाहीच्या कागदांतला अरबी वळणाचा सन) हे ओळखलं नाही तर नऊ वर्षांचा फरक पडतो. सबा सबैन मया व अलफ म्हणजे 1177. सुहूर धरलं तर त्यात 599 मिळवायचे, 1776 येतं. फसली समजून 590 मिळवले की 1767. दोन्ही सनांचं वर्ष मृगाला बदलतं, त्यामुळे इसवी सनाचं दुसरं वर्षही डोक्यात ठेवावं लागतं. नऊ वर्षांत बाप मरतो, भाऊ वाटण्या करतात, दत्तक येतो. आकडे अरबी शब्दांत लिहिलेले असतील तर तो बहुधा सुहूर, आणि सोबत शक दिला असेल तर ताळा पाहता येतो. हे मोडीच्या पहिल्या आठवड्यात शिकता येतं. तरीही छापील कुळवृत्तांतात मुलगा बापाच्या आधी जन्मलेला मी पाहिला आहे.

आणखी एक गोड गैरसमज: कागद जुना म्हणजे खरा. इनाम जमिनींचे हक्क तपासणाऱ्या इंग्रजांच्या इनाम कमिशनला 1852 च्या कायद्याने अधिकार मिळाले, त्या काळात इनामदारांनी आपापल्या कैफियती आणि वंशावळी सरकारात दिल्या. आज त्या हाती लागल्या की लोक डोक्यावर घेऊन नाचतात. पण ती वंशावळ का लिहिली गेली ते तरी पाहा. इनाम चालू राहावं म्हणून. मग आडवी आलेली शाखा गाळणं, दत्तकाला औरस दाखवणं, पिढी जोडून देणं, यातलं काहीही घडलेलं असू शकतं. मी ती वंशावळ टाकून देत नाही. ती देणाऱ्याचा तिच्यात काय फायदा होता, ते शेजारी लिहिते.

शाळेच्या दाखल्यावरचा 1 जून हा याच जातीचा प्रकार. आमच्या पिढीतले अर्धेअधिक लोक कागदोपत्री 1 जूनला जन्मले. शाळा जूनमध्ये उघडायची, मास्तरांनी पोराच्या उंचीकडे पाहिलं आणि वय पुरं होईल अशी तारीख टाकली. रजिस्टर अस्सल, शिक्का अस्सल, सही अस्सल, आणि त्यातली तारीख मात्र मास्तरांच्या मनातली. मृत्यूच्या नोंदीत वय सांगणारा बहुतेक वेळा कोतवाल नाहीतर शेजारी. मेल्याची तारीख त्याला पक्की ठाऊक, वयाचा मात्र अंदाज. एकाच ओळीतली एक माहिती भरवशाची आणि दुसरी ऐकीव असू शकते. मूळ नोंद की नक्कल हा एक प्रश्न, आणि सांगणाऱ्याला ते ठाऊक कसं हा दुसरा. हे दोन प्रश्न प्रत्येक ओळीला विचारायचे असतात.

हे मी पदरचं सांगत नाही. परदेशात या कामाला शिस्त लागली ती फसवणुकीच्या अनुभवातून. गुस्ताव आंजू (1863–1942) नावाचा स्वीडनमधून अमेरिकेत गेलेला एक गृहस्थ श्रीमंतांना वंशावळी करून द्यायचा. खालच्या पिढ्या खऱ्या, वरचा नामांकित पूर्वज खरा, आणि मधला सांधा बनावट. गरज पडली तर खोटं मृत्युपत्रही. त्याने केलेल्या वंशावळी ग्रंथालयांत जाऊन बसल्या, आणि त्यातली चुकीची नावं आजही लोक उतरवून घेतात. त्याच देशात डोनाल्ड लाइन्स जेकोबस यांनी 1922 पासून स्वतःच्या नियतकालिकातून दुवा न् दुवा तपासायची पद्धत रुजवली. 1964 मध्ये तिथे वंशावळ संशोधकांना प्रमाणित करणारं मंडळ निघालं. ते उमेदवाराकडून केलेलं काम मागवतं: दिलेल्या कागदाचं लिप्यंतर, पुराव्यात विरोध असलेलं प्रकरण, काही पिढ्यांचं सलग लिहिलेलं वृत्त. परीक्षक ते तपासतात आणि दर पाच वर्षांनी पुन्हा तपासतात. त्यांची कसोटी साध्या मराठीत सांगायची तर अशी: शोधता येण्यासारखं सगळं शोधलं का, प्रत्येक विधानाला आधार कुठला ते लिहिलं का, नोंदी एकमेकींशी ताडून पाहिल्या का, उलट बोलणारी नोंद लपवली नाही ना, आणि निष्कर्ष का काढला ते लिहून ठेवलं का. माझ्याकडे आलेली वडाच्या झाडाची वंशावळ यातल्या पहिल्याच प्रश्नाला अडते.

आपल्याला हे परकं वाटायचं कारण नाही. भारत इतिहास संशोधक मंडळ पुण्यात 1910 मध्ये स्थापन झालं ते अस्सल कागदाच्या आग्रहातून. इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव फिरून दप्तरं गोळा करत होते. सनावळी, शकावली यांवर आपल्याकडे भांडणं झाली आहेत, आणि चांगली कडाक्याची. घराण्याच्या इतिहासाकडे वळलो की हा कस एकदम कुठे जातो कळत नाही. घरचं कार्य असल्यासारखं सगळेच सगळ्यांना सांभाळून घेतात.

सांभाळून घेण्याचा सर्वात मोठा बळी म्हणजे बायका. जुन्या वंशावळीत मुलगी नाही. ज्याला फक्त मुली झाल्या त्याच्यापुढे 'निर्वंश' लिहून फांदी बंद. लग्नानंतर नाव बदललं की माहेरच्या कागदातून ती संपली, आणि सासरच्या कागदात 'कोम अमुक', म्हणजे अमुकची बायको, म्हणून उगवली. दोन्ही एकच बाई आहे हे सिद्ध करणं हे या कामातलं खरं कौशल्य. त्याला माहेरच्या फेरफारातला हक्कसोड, साक्षीदार म्हणून आलेला भाऊ, तीर्थक्षेत्रातल्या पुरोहितांच्या वहीतली नोंद असं कुठून कुठून गोळा करावं लागतं. 1956 च्या वारसा कायद्यानंतर वारस नोंदीत मुली येऊ लागल्या, त्यामुळे तिथून पुढचं काम सोपं. त्याच्या मागे जायचं तर कुणी फारसं कष्ट घेत नाही, कारण गिऱ्हाईकच मागत नाही. गिऱ्हाइकाने मागितलं नसलं तरी मी ते घालते. कुणाला अहवाल लांबल्यासारखा वाटला तर वाटो.

पुरोहितांच्या वह्यांवरून आठवलं. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या वह्या काय किंवा दक्षिण महाराष्ट्रातल्या हेळव्यांच्या, म्हणजे घरोघर फिरून वंशावळी सांगणाऱ्यांच्या, तोंडची वंशावळ काय, या साधनांना हसणारे विद्वान मला आवडत नाहीत आणि ती वेदवाक्य मानणारेही नाहीत. वहीत यजमानाने स्वतः येऊन नावं सांगितलेली असतात, म्हणजे हयात पिढीपुरती ती चांगली. पणजोबांच्या वर तीच वही ऐकीव होते.

डीएनए चाचणीबद्दल विचारणारेही आता येतात. वायगुणसूत्र बापाकडून मुलाकडे जातं, त्यामुळे दोन घरांचा पुरुषाकडचा पूर्वज एक असू शकतो का हे त्यावरून तपासता येतं. तो कोण आणि कोणत्या सालातला, हे कागदच सांगणार. शिवाय एकाने थुंकी दिली की न विचारलेल्या दहा नातलगांची माहिती जाते. हयात माणसांची जन्मतारीख आणि आईचं माहेरचं आडनाव लिहिलेली वंशावळ व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवणाऱ्यांनीही जरा विचार करावा, बँका हेच प्रश्न विचारतात.

मग करायचं काय? सरकारने परवाने द्यावेत, असं मी म्हणणार नाही. परवाना आला की परवान्याचा एजंट येतो. विद्यापीठांनी आणि मंडळांनी मोडीच्या वर्गाला जोडून पुरावा तपासण्याचं एक सत्र ठेवावं, आणि प्रमाणपत्र लेखी परीक्षेवर न देता उमेदवाराने पूर्ण केलेल्या एका प्रकरणावर द्यावं. ते प्रकरण दुसऱ्या जाणकाराने कागद हातात घेऊन तपासावं. यात खर्च फारसा नाही, भीड मात्र मोडावी लागेल.

तोवर आम्ही काम करणाऱ्यांनी निदान एक सुरू करावं, अहवालावर सही. नाव, तारीख, कोणत्या कार्यालयातलं कोणतं दप्तर पाहिलं, कोणतं मागूनही मिळालं नाही, कोणता दुवा पक्का, कोणता संभाव्य आणि कोणता नुसता घरच्यांच्या सांगण्यावरचा. पैसे ठरवताना शोधाचे ठरवावेत, निकालाचे नाही. 'नोंद सापडली तरच पैसे' ही अट ग्राहकाला सोयीची वाटते. पण नोंद सापडवायचे पैसे लावले की नोंद सापडतेच. एका कार्यालयात 1932 च्या रजिस्टरात मी पानाच्या तळाशी दोन ओळींच्या मधे कोंबलेली एक नोंद पाहिली होती. अनुक्रमांकाला 'अ' जोडलेला. वरखालच्या सगळ्या ओळी टाकाच्या, शाई तपकिरी पडलेली, कागदाच्या मागच्या बाजूला उतरलेली. मधली तेवढी एक निळीशार, बॉलपेनने लिहिलेली.

म्हणून शेवटी एक मागणी शासनाकडे. सापडलेल्या नोंदी जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर टाकल्या जात आहेत, हे काम चांगलंच आहे. पण नुसती नावांची यादी किंवा कापून घेतलेली ओळ टाकू नये. अख्खं पान टाकावं, रंगीत, रजिस्टरच्या मुखपृष्ठासह, आणि शक्य असेल तिथे आधीचं आणि नंतरचं पानही. ती बॉलपेनची ओळ काळ्यापांढऱ्या कात्रणात मलाही ओळखता आली नसती.

आपली,
एक निवृत्त अभिलेखपाल
(नाव-पत्ता वेगळ्या कागदावर दिला आहे. छापू नये, नाहीतर पत्राची जाहिरात व्हायची.)